तात्यांचं ‘व्हय’

सोसायटीच्या सभेत मी टाकी साफ करण्याचा ठराव वाचला, तेव्हा मागच्या खुर्चीवरून खणखणीत आवाज आला, “व्हय म्हाराजा!” सगळे हसले. पुढचा ठराव लिफ्टचा. पुन्हा “व्हय म्हाराजा!” मी तेव्हा चिटणीस होते. इतिवृत्तात लिहिलं, ‘दोन्ही ठरावांना श्री. घाडी यांची संमती.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे.

“बाईनू, ता खोडा.”

“का?”

“मी संमती खय दिलंय? तळमजल्यावर रवतंय मी. लिफ्ट माका कित्याक होयी?”

“पण तुम्ही हो म्हणालात, सगळ्यांनी ऐकलं.”

“व्हय म्हणजे हो नव्हे, बाईनू. व्हय म्हणजे मी हय आसंय, तुमचा आयकतंय.”

मी पट्टी धरून ती ओळ खोडली आणि शेजारी सही केली.

अनय, रिया, तुम्ही परवा तुमच्या या आजीला विचारलंत की ‘खळ्यातले’ या बँडच्या गाण्याच्या सुरुवातीला बोलणारा म्हातारा कोण, त्याचा आवाज ओळखीचा का वाटतो. तो आवाज या तात्या घाडींचा. तुम्ही आईबाबांबरोबर इथून परदेशी गेलात तेव्हा अनय सात वर्षांचा होता आणि रिया चार. म्हणून नीट सांगते.

तात्या मूळ कुडाळजवळच्या एका गावचे. गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत खोकी बांधायचे. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. सगळ्यांच्या वतीने एकाने देवाला मोठ्याने विनवायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ते गाऱ्हाणं. आमच्या इमारतीत कुणाचं ऑपरेशन असो, दहावीची परीक्षा असो, नवी स्कूटर असो, तात्यांना बोलावणं जायचं. मीही जाऊन उभी राहायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. मला ते पटत नसे. तात्यांच्या ते लक्षात आलं होतं. “बाईंचो व्हय इंग्लिश मिडियमात आडाकलो हा,” असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे.

‘खळ्यातले’ हा त्यांच्या पुतण्याचा, प्रथमेशचा बँड. कुडाळची पाच मुलं, एक मृदंग, झांजा, एक गिटार. मुंबईत कार्यक्रम मिळाला की ती तात्यांकडे उतरायची आणि सोसायटीच्या हॉलमध्ये सराव करायची. दुपारी चार ते सहा अशी वेळ मी रजिस्टरात नोंदवून दिली होती. सहा वाजून पाच मिनिटांनी मी दार वाजवायची. “आजी, लास्ट एकच ना, प्लीज!” असं प्रथमेश रोज म्हणायचा.

अंधेरीच्या एका कॉफीच्या दुकानात त्यांचा इथला पहिला कार्यक्रम झाला. माणसं तीसेक, त्यातली निम्मी कॉफीसाठी आलेली. सुरुवातीला गाऱ्हाणं घालायला प्रथमेशने तात्यांना उभं केलं. त्यांनी चपला काढल्या आणि माइकवर विचारलं, “कोण कोण इलेत? नावा सांगा. कोणाक काय अडचण आसा ता सांगा.” कुणीतरी लाजत घरमालकाचं नाव घेतलं. एकीने व्हिसा सांगितला. साउंडवाल्याने मुलीचा दमा सांगितला. तात्यांनी ते सगळं गाऱ्हाण्यात घातलं. तिसऱ्या वाक्याला सगळं दुकान ‘व्हय म्हाराजा’ ओरडत होतं. प्रथमेश खाली येऊन म्हणाला, “तात्यानू, वाट लावलीत! आता आमचा गाणा कोण ऐकतलो?”

त्यानंतर बँड वाढत गेला. मोठे हॉल मिळाले, पुणे झालं, बंगळूर झालं, मग परदेशातून बोलावणी आली. तात्या दूर जाऊ शकत नव्हते. प्रथमेशने विनवलं, “एकदाच रेकॉर्ड करून द्या, आम्ही वाजवू.” तात्या ऐकेनात.

“गाऱ्हाणा शिळा चालत नाय रे. देवाक कालचो भात वाढशीत?”

“लोकांना कळणार पण नाही, तात्यानू.”

“देवाक कळात. मशीन सांगतला, ही लेकरा इली हत. खयची लेकरा? कोण इला ता मशीनीक काय ठावक?”

हे बोलणं माझ्यासमोर, माझ्याच घरात झालं. मी चहा केला होता.

तुम्ही निघालात त्या सकाळी तुमच्या बाबाने तात्यांना वर बोलावलं. सामान दाराशी होतं. तात्यांनी तुम्हा दोघांना समोर उभं केलं, नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. मी मोबाइलवर ते रेकॉर्ड केलं. त्यांना विचारलं नाही. तुमच्यासाठी ठेवावं एवढंच मनात होतं.

पुढे सात वर्षांनी तात्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द राहिला. पाणी हवं का, व्हय. उकडतंय का, व्हय. मला ओळखता का, व्हय. डॉक्टर म्हणाले, जिभेला फार सवयीचा एखादा शब्द असा राहतो, त्याचा अर्थ लावत बसू नका.

चार महिन्यांनी प्रथमेश आला. बँडच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचं काम चालू होतं. “आजी, तात्यांचा आवाज कुणाकडेच नाही. तुमच्याकडे काही आहे?” मी शिक्षिका होते, खोटं बोलायची सवय नाही. आहे म्हणाले आणि ऐकवलं. तो जमिनीवर बसून रडला. तात्यांची मुलगी सुनंदा म्हणाली, “काकू, तुम्हीच विचारा बाबांना. तुमचं ते ऐकतात.”

आम्ही खाली गेलो. मी खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला ओढली आणि स्वच्छ शब्दांत विचारलं, “तात्या, तुमचं गाऱ्हाणं प्रथमेशच्या गाण्यात घालू दे?”

“व्हय,” तात्या म्हणाले.

सुनंदाने हात जोडले. प्रथमेश त्यांच्या पाया पडला. वर्गात मूल उत्तर घोकून आलंय असं वाटलं, की मी तोच प्रश्न उलटा विचारत असे. तो त्या वेळी विचारायला हवा होता.

तो मी दुसऱ्या दिवशी विचारला. सुनंदा बाजारात गेली होती. “तात्या, ते गाऱ्हाणं गाण्यात घालू नको ना?”

“व्हय.”

बराच वेळ ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांची चादर नीट केली आणि वर आले. प्रथमेशला फोन केला नाही. सुनंदालाही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

गाणं आलं आणि सगळीकडे गेलं, ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या सेक्टरमध्ये गणपतीत, हळदीत, रिक्षात, सगळीकडे तेच. प्रथमेशने ते तात्यांना ऐकवलं तेव्हा मी तिथे होते. स्वतःचा आवाज ऐकून ते प्रत्येक वाक्याला “व्हय” म्हणाले. सगळ्यांना वाटलं, खूश आहेत. त्यानंतर अकरा दिवसांनी ते गेले. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. तेराव्याला मी पानं मोजून मांडली, एकही कमी पडलं नाही.

गाण्यात “तुझी ही लेकरा” यानंतर क्षणभर नुसता मृदंग वाजतो. कार्यक्रमात लोक तिथे आपापली नावं ओरडतात म्हणे. त्या जागी तुमची नावं होती, ती कापली आहेत. मूळ असं आहे: “तुझी ही लेकरा, अनय आणि रिया, सातासमुद्रापलीकडे चल्ली हत. त्यांच्या वाटेत काय वाकडा-तिकडा आसात, ता सरळ कर रे म्हाराजा.”

मूळ मी सोबत पाठवते आहे. शेवटपर्यंत ऐका. ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना तुमच्या बाबाचा आवाज येतो, आईचा येतो, तुम्हा दोघांचे उशिरा आणि किरटे येतात, बॅगा उतरवणाऱ्या वॉचमनचाही येतो. माझा येत नाही. मी मोबाइल धरून उभी होते.