तारेवरच्या लड्या

“धागा तोडाचा नाही, गुंडाळाचा,” असं हुडकेश्वरच्या वच्छलाबाई उठता-बसता म्हणत. त्या उमरेडच्या विणकरांची लेक. भावाकडे पडलेला बापाचा हातमाग आणायचा, गच्चीवर त्याच्यासाठी खोली बांधायची, एवढीच त्यांची आस. पण खोलीच्या जागेवरूनच टेलिफोनची जुनी, बंद पडलेली तार गेली होती. पुन्हापुन्हा सांगितल्यावर एकदाचा लाईनमन ताराचंद आला. वर बघतो तर तारेवर मागासाठी रंगवलेल्या सुताच्या लड्या वाळत होत्या.

“बाई, तार तं वापरात आहे! तसंच सांगतो साहेबाले.”

“तोंड आवर गा,” म्हणत बाईंनी घाबऱ्याघाबऱ्या लड्या उतरवल्या.

ताराचंद हसला आणि पक्कड काढून तार मधोमध तोडायला निघाला.

“मधातून काहून तोडून राहिला? टोकं सोड.”

त्याने दोन्ही टोकं सोडली. बाईंनी अंगठ्यापासून कोपरापर्यंत वेढे घेत त्या तारेची सुतासारखी लडी केली आणि त्याच्या खांद्यावर अडकवली.

मग पिशवी उचलून त्या उमरेडच्या बससाठी निघाल्या, माग आणायला. लडी खांद्यावर घेऊन ताराचंद गच्चीवरून बघत राहिला. मोकळ्या आभाळाखाली बाई वळणापर्यंत दिसत होत्या.