एकविसावं फूल

“केळी आणा. अजून आणा, घडच आणा,” आजोबा ओसरीवरून ओरडत होते. त्यांची आई, म्हणजे माझी पणजी, पाटावर बसून सातवं केळं सोलत होती. आम्ही तिला मोठीआई म्हणायचो.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. बाकी काय काय सांगितलंय म्हणून विचारता? विहिरीत मगर आहे हे अख्ख्या मुलुंडला पटवलं होतं मी. पण हे — नाही.

मोठीआई म्हणजे — कुठून सुरू करू? नव्वदी उलटलेली, तोंडात एकही दात नाही, आणि फुगडीला उभी राहिली की समोरची चक्कर येऊन पडायची, ही हसत उभी. आजोबांची कवळी तिने एकदा लोणच्याच्या बरणीत लपवली. पुढे आठवडाभर आजोबा बोलले की कैरीचा वास यायचा. पत्त्यांत ती देवालाही फसवेल. रंगवून सांगायला मी तिच्याकडूनच शिकले.

त्या दिवशी माझ्या भावाचं बारसं होतं. पणतूचं तोंड पाहिलं की पणजीवर सोन्याची फुलं उधळतात ना — आजोबांनी एकवीस घडवून घेतली होती, तारेची, मोगऱ्याच्या कळीहून लहान. झेंडूच्या पाकळ्यांत मिसळून ती तिच्या डोक्यावर उधळली. मी शेजारीच उभी होते. तिचं पहिलं पणतवंड मी, चौदा वर्षं आधीचं. माझ्या वेळी काय उधळलं होतं? काही नाही. मुलगी ना.

एक फूल माझ्या वेणीत अडकलं. हाताला टोचलं. आणि मी ते काढलं नाही — आणखी आत खोचलं.

वेचताना वीसच भरली. सतरंज्या झटकल्या, पाकळ्या चाळल्या. मग आजोबा माझ्याकडे वळले. ‘मला नाही दिसलं’ एवढं म्हणता आलं असतं की नाही? पण मला साधं खोटं येतच नाही. “मोठीआई हसत होती ना,” मी म्हणाले, “तोंड उघडं होतं. फूल सरळ आत. वर ढेकरही दिला तिने.”

बायका पोट धरून हसल्या. मोठीआईही हसली — माझ्याकडे बघून.

आजोबा हसले नाहीत. तारेने आईचं आतडं फाटेल, ही त्यांची धास्ती. म्हणून केळी. म्हणून एरंडेल. तो दिवस, दुसरा दिवस. माझी आई दर वेळी भांडं घेऊन परसात जायची आणि काडीने शोधायची. मोठीआई आधी भिंत धरून उठायची, मग दोघींनी धरल्यावर, मग उठेनाच. आणि फूल? माझ्या कंपासपेटीत. एक वाक्य पुरलं असतं — कुठल्याही घटकेला. का नाही बोलले? शेजारणी ती गोष्ट ऐकायला यायच्या म्हणून. प्रत्येकीला मी नव्याने सांगायचे. ढेकर मोठा होत गेला.

तिसऱ्या दिवशी आजोबांनी पुन्हा एरंडेलाची वाटी भरून आणली. मोठीआईने नको म्हणून मान हलवली नाही. तोंड उघडलं. मी उंबऱ्यातच होते.

चौथ्या सकाळी ती गेली. सगळे म्हणाले, पिकलं पान, पणतू पाहून गेली, सोन्याची फुलं अंगावर घेऊन गेली. तेराव्याला आलेल्यांनाही मी ढेकराची गोष्ट सांगितली. हो — तेव्हाही.

पण ती गेली त्याच्या आदल्या दुपारी, वाटी रिकामी करून आजोबा बाहेर गेल्यावर, मी तिच्याजवळ बसले होते. खोलीत बाकी कुणी नव्हतं. कंपासपेटी उघडली, फूल तिच्या तळहातावर ठेवलं. म्हटलं, “मोठीआई, हे माझ्याकडे होतं.”

तिने फुलाकडे पाहिलंही नाही.

“खोचताना दिसलं होतं मला,” ती म्हणाली. “पाणी दे.”