बिनपुठ्ठ्याची विदुषी

पुस्तकं वाचून माणूस शहाणा होतो असं ज्यांना सिद्ध करायचं असेल त्यांनी माझ्या मावसबहिणीला भेटू नये, आणि पुस्तकं वाचून माणूस बिघडतो असं ज्यांना सिद्ध करायचं असेल त्यांनी तर तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. दोन्ही पक्षांची सारखीच पंचाईत होईल. तिच्याइतकं वाचलेलं माणूस माझ्या पाहण्यात दुसरं नाही, आणि वाचलेल्यातलं एकही पुस्तक ज्याला नावानिशी सांगता येत नाही असंही दुसरं नाही. मोसमी वाऱ्यांवर ती तुम्हाला चहा गार होईपर्यंत ऐकवेल, पण ते वारे मुळात सुटतात कुठून असं विचारलंत तर शांतपणे म्हणेल, "मी वाचायला घेतलं तवा ते सुटलेलेच होते." समुद्री चाच्यांच्या बोटीवर रोज काय शिजायचं हे तिला पाठ आहे, ते चाचे शेवटी बुडाले की गबर झाले, याची तिला कल्पना नाही. तिचं सगळं ज्ञान मधलं आहे. एखाद्याला जन्मभर फणसाचे गरे खायला मिळावेत आणि फणस कधी दिसूच नये, तशातली गत.

याचं मूळ नेरळच्या एका साखरपुड्यात आहे. ती तेव्हा आठवीत होती. मुलाकडचे एक पाहुणे, पंगत बसेपर्यंत वेळ जावा म्हणून, पोरं गोळा करून सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारत बसले होते. असे एक पाहुणे प्रत्येक साखरपुड्यात असतातच. ते नसले तर साखरपुडा कायदेशीर धरत नसावेत. त्यांनी हिला विचारलं, "सांग बाळ, सूर्य पृथ्वीभोवती फिरतो की पृथ्वी सूर्याभोवती?" हिने प्रामाणिकपणे सांगितलं, "मी बगितलं नाय." सगळा मांडव हसला. पाहुण्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या काकांना, वर ऐकवलं, "मुलीला जरा वाचायला द्या हो काहीतरी." काका चौथी शिकलेले. ते मान खाली घालून "हो, देतो" एवढंच म्हणाले. बापाची ती खाली गेलेली मान हिने पाहिली आणि परतीच्या टेंपोत सर्वांसमक्ष जाहीर केलं, "पप्पा, पुढच्या लग्नापत्तुर मी ज्ञानी होनार." त्या वयात आम्ही सगळेच काही ना काही होणार होतो, कुणी क्रिकेटपटू, कुणी फौजदार, ज्ञानी होणारी आमच्या नात्यात ही पहिलीच.

आता ज्ञान आणायचं कुठून? शाळेत पुस्तकांचं कपाट होतं, पण त्याला कुलूप होतं आणि किल्ली बदली झालेल्या सरांबरोबर गेली होती. तिकडे खोपोलीत, शिळफाट्याच्या त्यांच्या चाळीपासून थोड्याच अंतरावर, ज्ञानाचे ट्रकच्या ट्रक रिकामे होत होते. काका कागदाच्या कारखान्यात कामाला होते. मुंबईची रद्दी तिथे येई, तिचा लगदा होई आणि लगद्याचा पुन्हा कागद. काकांचं काम गठ्ठे फोडून माल निवडायचं: पुठ्ठा एका ढिगात, आतला पांढरा कागद दुसऱ्या ढिगात. पुस्तक हाती आलं की एका हाताने पोट धरायचं, दुसऱ्या हाताने पाठ, एक हिसका, की पुठ्ठा अलग. त्या हिसक्यासरशी गोंदाला चिकटलेली पुढची काही पानं आणि मागची काही पानंही पुठ्ठ्याबरोबर निघून जात. काकांचा हात त्यात असा बसला होता की नवीन भरती झालेल्यांना मुकादम त्यांच्यापुढे उभं करून सांगे, "बगा रं, हिसका असा पायजे." या मुकादमाच्या कानावर काकांनी लेकीची गोष्ट घातली. मुकादम भला माणूस. म्हणाला, "ने की. पन वाचून झालं का परत आन. माल हाय तो."

अशा रीतीने, परत केलेल्या पुस्तकाचा जिथे लगदा होतो असं वाचनालय सुरू झालं आणि त्याला एकच सभासद लाभली. काका ढिगातलं जाडजूड पुस्तक बघून, नेहमीच्या सवयीने त्याला सोलून, डब्याच्या पिशवीत टाकत. "वरचं टरफल कशाला बाय, वझं नुसतं," असं त्यांचं म्हणणं. पोरीने पिशवीतून पुस्तक काढलं की ते चोरून तिच्या तोंडाकडे बघत, आणि तिचं तोंड फुललं की मगच हातपाय धुवायला जात. ती मोरीजवळच्या उजेडात बसून वाची. पुस्तक चार-दोन दिवसांत लगद्यात जायचं असल्यामुळे तिच्या वाचनाला एक प्रकारची आणीबाणी लागलेली असे. जेवताना, वेणी घालताना, नळावर हंडा भरताना वाचन चाले. हंडा भरून पाणी शेजारणीच्या उंबऱ्याला लागलं तरी हिचा समुद्री चाचा डोलकाठीवरून उतरत नसे.

पुस्तकाला नाव नाही, लेखक नाही, म्हणून तिने बारशी स्वतःच केली. "डांबराच्या वासाचं", "उंदरानं खाल्लेलं", "ज्यात सगळी सारखी चहा पितात ते". बरेच दिवस तर तिची अशी समजूत होती की जगातली सगळी पुस्तकं एकाच माणसाने लिहिलेली आहेत आणि त्याचं चित्त ठिकाणावर नाही. "काल यो कोंबड्यांच्या रोगांवर लिवत व्हता," ती मला काळजीने म्हणाली, "आज बघ दादा, राजकन्येच्या मागं लागलाय."

या ज्ञानाचा समाजाला फायदा व्हावा असं तिला वाटू लागलं तेव्हा चाळीचे हाल सुरू झाले. एक वैद्यकाचं पुस्तक तिला मिळालं होतं. त्यात आजारांची लक्षणं मधे होती आणि उपचार शेवटी. त्यामुळे ती रोग ओळखे आणि तिथेच थांबे. शेजारच्या आजींचा खोकला ऐकून तिने त्यांचे डोळे बघितले, जीभ बघितली, आणि गंभीरपणे म्हणाली, "याच्यात दोन शक्यता अस्तात आजी." आजींनी घाबरून विचारलं, "कंच्या गं?" "त्या पुढच्या पानावर व्हत्या." आजी बऱ्या झाल्या, पण दोन शक्यतांची धास्ती त्यांनी पुढे कितीतरी दिवस बाळगली. पाककृतींचं एक पुस्तक "आता झाकण काढून लगेच" या शब्दांवर संपलं होतं. रव्याचा तो काहीतरी पदार्थ होता. सगळं घर शेगडीभोवती जमलं, हिने झाकण काढलं आणि लगेच काय करायचं हे कुणालाच माहीत नसल्यामुळे आम्ही सगळे वाफेकडे बघत उभे राहिलो. शेवटी काका म्हणाले, "लगेच खावा." ते इतकं चविष्ट लागलं की मूळ पुस्तकातही तेच लिहिलेलं असणार याबद्दल माझी खात्री आहे.

रहस्यकथांनी मात्र कहर केला. खुनी कोण हे शेवटच्या पानांवर असायचं आणि शेवटची पानं पुठ्ठ्याच्या ढिगात गेलेली असायची. परिणामी तिच्या हिशेबी एकही खुनी अजून पकडला गेलेला नव्हता. एका गोष्टीत संशयिताच्या हनुवटीवर चामखीळ होती. चाळीच्या दूधवाल्याच्याही होती. तिने त्याच्याकडून दूध घेणं बंद केलं. मावशीने कारण विचारलं तर म्हणाली, "सुटलाय ना अजून तो!" बिचारा दूधवाला दारात उभा राहून विचारतोय, "वहिनी, पानी जास्त झालं का वो?" आणि मावशी त्याला काय सांगणार!

एका माणसापुढे मात्र तिची गोष्ट अर्धी राहत नसे. काका रात्री जेवायला बसले की विचारायचे, "मंग? सरलं का गं पुस्तक? शेवट काय झाला?" आणि ही डोळ्याची पापणी न हलवता शेवट सांगायची. हरवलेला मुलगा घरी यायचा, गहाण जमीन सुटायची, सासू सरळ व्हायची. काका भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत आणि म्हणत, "झ्याक लिवलंय." एकदा मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, त्यांना सांग की जरा बेताने सोला. निदान शेवटची पानं तरी राहतील." ती माझ्या अंगावरच आली. "गप रं दादा. त्यांना वाटतंय ते मला अख्खं पुस्तक आनून देतात."

बारावीनंतर ती कुंभिवलीजवळच्या एका कंपनीत खोकी चिकटवायला जाऊ लागली. खोक्यांना नुसतंच बाहेरचं असतं, आत वाचायला काही नसतं, त्यामुळे ती तिथे रमेना. तेवढ्यात कर्जतमधल्या एका छोट्या वाचनालयाला मदतनीस हवी असल्याचं मला कळलं. मी तिला फोनवर कळवलं. ती म्हणाली, "पप्पांना चार मानसांत सांगता येईल रं, का पोरगी पुस्तकांत बसते. त्या साखरपुड्यापासून बोललेच नायत ते कुनापुढं." इतकी वर्षं मी तिच्या ज्ञानाची टिंगल करत होतो, पण त्या दिवशी ती जागा तिला मिळावी म्हणून मी पहिल्यांदा देवाला नारळ बोललो.

मुलाखतीला तिघे होते: निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या अध्यक्षबाई आणि दोन सभासद. मी बाहेरच्या बाकावर, दार उघडंच. बाईंनी विचारलं, "वाचनाची आवड आहे म्हणता. कोणकोणती पुस्तकं वाचलीत?"

आतून मग हिचा आवाज, "नावं नाय माहीत."

"एखादं तरी?"

"एकपन नाय."

एक सभासद हसले. तो साखरपुड्यातला हशा मला जसाच्या तसा ऐकू आला आणि वाटलं, आता उठावं आणि हिला घेऊन घरी जावं. पण ती म्हणाली, "नाव नाय येत बाई, पन आतलं सांगू का?" आणि परवानगीची वाट न बघता तिने सुरू केलं, अर्थातच मधूनच. एक म्हातारी नदीवर होडी चालवते. त्याच नदीवर पूल होतोय आणि म्हातारीचा मुलगाच पुलावर कामाला आहे. पूल झाला की होडी बंद. माय-लेक एका घरात राहतात, एका ताटात जेवतात आणि पुलाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. ती सांगत गेली तशी खोलीतली कुजबुज थांबली. चहावाला आला तो ट्रे घेऊन तसाच भिंतीला टेकला. उद्या पूल सुरू होणार, आदल्या संध्याकाळी म्हातारी एकटीच काठावर जाते, होडीत बसते, "नि तिनं दोर सोडला, नि मागं वळून बगते तर..."

ती थांबली.

"तर काय?" हसलेले सभासद ओरडलेच.

"पुढचं पान नव्हतं."

"अहो, असं कसं नव्हतं!" त्या गृहस्थांना ते सहनच होईना. "आपल्याकडे असेल. बघा, बघा, होडी असेल नावात!" आणि मुलाखत बाजूला राहून मुलाखत घेणारे तिघेही कपाटांना भिडले. एक सभासद स्टुलावर चढले, दुसऱ्यांनी स्टूल धरलं, चहावाला ट्रे ठेवून खालचे कप्पे बघू लागला आणि उमेदवार मधोमध उभी राहून "त्याला डांबराचा वास हाय" अशी मौलिक माहिती पुरवत राहिली. अखेर बाईंनीच चष्मा सावरत एक पुस्तक ओढून काढलं, चाळलं आणि तिच्या हातात दिलं. पूर्ण पुस्तक. तिने ते कितीतरी वेळ मिटलेलंच धरलं. वरचं नाव दोनदा वाचलं. बाई म्हणाल्या, "सोमवारपासून या. आणि हे घरी घेऊन जा, शेवट राहिलाय ना तुमचा." मी बाहेर बाकावर बसून चक्क रडलो. चहावाल्याने मला एक कप दिला, त्याचे पैसेही घेतले नाहीत.

संध्याकाळी मी तिला गाडीवरून खोपोलीला सोडलं. काका दारातच होते. नोकरीचं ऐकून त्यांनी आधी देव्हाऱ्याला हात जोडले, मग ते पुस्तक मागून घेतलं. एवढी वर्षं ज्या हातांनी पुस्तकं सोलली त्या हातात एक अख्खं पुस्तक कसं धरावं हे त्यांना कळेना. त्यांनी पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, एकेक अक्षर लावत ते वाचत गेले. मग मागून उघडून शेवटची पानं बघितली. तीही गच्च छापलेली. काकांचा चेहरा हळूहळू उतरला.

"बाय," ते म्हणाले, "मी फाडत व्हतो त्याच्यात पन काय काय व्हतं का गं?"

"काय नाय पप्पा," ती लगेच म्हणाली. "पुढं नुसती नावं अस्तात. नि मागं जाहिराती."

 काकांनी मान हलवली, पुस्तक जपून तिच्या हातात दिलं आणि आत गेले. मी हळूच म्हटलं, "एवढं खोटं?" ती पुस्तक पदराने पुसल्यासारखं ओढणीने पुसत होती. म्हणाली, "इतकं वाचून मला एवढं पन कळू नये का रं दादा?"

 आत काका मावशीला सांगत होते की आपण फाडलं त्यात काही नव्हतं, जाहिराती होत्या नुसत्या, बाय बोलली.