बिनकचऱ्याची भाडेकरीण

कचरा न करता जगलेलं एकच माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलं, आणि घाण केल्याचा ठपका ठेवून आम्ही देवबागकरांनी नेमकं त्याच माणसाला गावातून घालवलं. आम्ही म्हणजे मुख्यतः मी. वाडीत लोक ती हकिगत बरीच वर्षं वेगळी सांगत आले. खरी काय ती लिहून ठेवणं आता माझ्यावर आहे.

ती आमची भाडेकरीण. लातूरकडची, विशीतली, मालवणच्या कॉलेजात समुद्राचं शास्त्र शिकायला आलेली. त्याआधी समुद्र तिने फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. मालवणातल्या खोल्या परवडेनात म्हणून आमच्या मागच्या खोलीत राहिली आणि रोज सायकलने कॉलेजला जाऊ लागली. सामान म्हणजे एक ट्रंक आणि जुन्या साड्यांच्या शिवलेल्या पिशव्यांचा ढीग. "इतक्यो पिशव्यो कित्याक गो?" आमच्या हिने विचारलं. "ही डाळीची, आजी, ही तांदळाची, ही कांद्याची," ती दाखवत गेली. "आणि ही मोठी?" "ही बाकीच्या पिशव्या ठेवायची."

किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून झालं की ती स्टीलचा डबा घेऊन हजर. मासे विकणारीने पहिल्या दिवशी तो डबा उलटसुलट करून पाहिला. "गो चेडवा, डबो कित्या? बांगड्यांका शाळेत धाडतंस?" पुढे मात्र तीच बाई प्लास्टिकची पिशवी मागणाऱ्या गिऱ्हाइकांना ऐकवू लागली, "त्या लातूरच्या चेडवान डबो आणल्यान, तुमका काय हात नाय?" तिच्या गावी पाणी टँकरने यायचं, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत ती सोनारापेक्षा काटेकोर. अर्ध्या बादलीत अंघोळ आणि ते पाणी केळीला, तांदळाचं धुवण माडाच्या आळ्यात. मी दात घासताना नळ सुरू ठेवला की मागून आवाज यायचा, "आजोबा, समुद्र पलीकडं आहे की, इकडं कशाला आणताय?" देवळात कोणी नसताना पंखे फिरताना दिसले की ती ते बंद करून यायची. एका दुपारी खांबामागे गावचे एक मानकरी झोपले होते. घामाने निथळत उठले, आणि देवीचा कोप झाला असं आठवडाभर घरोघर सांगत फिरले.

भांडी ती सोडणाने घासायची, म्हणजे नारळाच्या सालीने. आमच्या हिला ते बघवेना. "सासूच्या हाताखाली राखेन हात काळे केलंय मी. आता खंय तारेची घासणी इली, तर ह्यां चेडू कॉलेजात शिकान परत सोडण घेता." पण महिनाभरात तारेची घासणी खिडकीत गंजून गेली, आणि दोघी एकाच पायरीवर बसून एकाच नारळाची साल वाटून घेताना दिसू लागल्या. आम्हाला मूलबाळ नाही. ही हसताना मला पूर्वी इतकी ऐकू आली नव्हती.

ओल्या कचऱ्याचं खत करायला तिला खड्डा हवा होता. "बावीपासून सगळ्यात लांब जागा कुठली, आजोबा?" हा तिचा पहिला प्रश्न. मी कुंपणालगतची जागा दाखवली. बाव म्हणजे आमची विहीर. देवबाग ही खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची पट्टी. उन्हाळ्यात इतरांच्या बावी मचूळ होतात, आमची गोड राहते, आणि अर्धी वाडी कळशा घेऊन आमच्या दारात येते. पोरीने खड्डा खणला. माशांची टकली, भाजीची देठं, वर सुक्या झावळ्या, वर माती. तिथे उभं राहिलं तरी वास येत नसे.

त्याच वर्षी मी टुरिस्टांसाठी दोन खोल्या बांधल्या. संडासाची टाकी खाडीच्या बाजूला घ्यायला हवी होती, पण तिथे मला खुर्च्या मांडायच्या होत्या. टुरिस्टाला खाडी दिसायला हवी, टाकीचं झाकण नव्हे. म्हणून टाकी बावीच्या बाजूला घेतली. वाळूत बावीजवळ असलं काही खणू नये हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. वर लाद्या बसवून जास्वंदीच्या कुंड्या मांडल्या. हे झालं तेव्हा पोरगी दिवाळीसाठी घरी गेली होती. परत आल्यावर कुंड्या बघून म्हणाली, "छान दिसतंय, आजोबा."

नाताळात खोल्या भरल्या, त्यानंतरही टुरिस्ट येत राहिले. उन्हाळा लागला तशी वाडीत कावीळ आली. आधी शेजारच्या तात्यांची सून, मग आणखी काही घरं, मग आमची ही. आरोग्य खात्याची माणसं पाणी तपासून गेली. आमची बाव नासली होती. कशाने, ते त्यांनी सांगितलं नाही. बावीत टीसीएल पावडर टाकली आणि पाणी उकळून प्या म्हणाले.

तात्या चार माणसं घेऊन आले ते थेट तिच्या खड्ड्यापाशी. "ह्या कुजक्या खड्ड्यान बाव नासयल्यान. माशांची टकली पुरलंस तू हयसर."

"तात्या, मी लांब खणलाय."

"वाळू आसा ही. वाळूत लांब काय नि जवळ काय."

तात्यांचं म्हणणं बरोबर होतं, बोट तेवढं भलत्या खड्ड्याकडे होतं. पोरगी माझ्याकडे वळली. "आजोबा, माझ्यामुळं झालं का हे?"

वाडीत मी मालवणीशिवाय बोलत नाही. त्या दिवशी मात्र सगळी नोकरी कचेरीत जी भाषा लिहिली ती तोंडात आली. "तशी शक्यता नाकारता येत नाही," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत तिने खड्डा उपसून साफ केला. पुढे कितीतरी दिवस ती आजाऱ्यांच्या घरी उकळलेलं पाणी पोचवत राहिली. तात्यांनी दार लावून घेतलं तर पायरीवर कळशी ठेवून यायची. त्यांची सून वाचली. आमच्या हिच्या उशाशीही ती पोरगीच बसायची, मी नाही. त्या खिडकीतून मला कुंड्या दिसायच्या. ही गेली त्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाली, "त्या चेडवाक खरां काय तां सांगा." हिला कधी आणि कसं कळलं, मी विचारलं नाही. पोरीला सांगितलंही नाही. तेराव्यानंतर तिने खोली सोडली. परीक्षेला न बसताच गावी गेली.

दरवर्षी हिच्या तिथीला तिचा फोन यायचा. तब्येत विचारायची आणि शेवटी, "आजोबा, माफ करा," म्हणून ठेवायची. मी "असूं दे गो" म्हणायचो. माफ करण्याचा मोठेपणासुद्धा मी घेतला.

यंदा फोनवर मागे गाड्यांचा आवाज होता. आता ती पुण्यात नोकरी करते. "जेवणाचां काय करतंस?" मी सहज विचारलं.

"बाहेरून मागवते. खाल्लं की प्लास्टिकच्या डब्यासकट फेकून देते." ती हसली. "आपण चांगलं करायला जायचं आणि कुणाचा तरी जीव जायचा. नको वाटतं आता, आजोबा."

मग मी सांगितलं. टाकी, लाद्या, कुंड्या, हिचे शेवटचे शब्द, सगळं. "गो, आसंस मां?" मी विचारलं.

"ती टाकी अजून तिथंच आहे?"

"आसा."

"आणि लोक ते पाणी पितात?"

"उकळून पितत."

"मग आधी ती काढा. माझं नंतर बघू."

मी खोल्या बंद केल्या. लाद्या फुटायला लागल्या तशी वाडी जमली, तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तात्यांनी नुकतीच भरलेली कळशी माडाच्या मुळात ओतली आणि निघून गेले. टाकी निघाली, बाव उपसली, एक पावसाळा जाऊ दिला आणि पाणी पुन्हा तपासून घेतलं. बाव पिण्याजोगी झाली, तसं तिला कळवलं. "बरं झालं," एवढंच म्हणाली. "माझं नंतर बघू" म्हणाली होती, त्याबद्दल तिने विषय काढला नाही, आणि मी काढणार कोणत्या तोंडाने?

परवा तात्या बऱ्याच महिन्यांनी कळशी घेऊन आले. माझ्याकडे न बघता पाणी काढलं, कळशी खांद्यावर घेतली आणि बेड्याशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी, जाऊन पाठमोरेच थांबले.

"त्या चेडवाक सांग, बाव बरी झाली म्हणान."

"सांगितलंय," मी म्हणालो.

"परत सांग," तात्या म्हणाले.