पिंपातलं इंजिन

खाडीकाठी, आमच्या शेजारच्या अंगणात पांडू होडीचं जुनं इंजिन उघडून बसलाय. होडीच्या मागे अडकवायचं, वडिलांच्या वेळचं. मागे त्याचा धाकटा भाऊ एकटाच होडी घेऊन मासे धरायला गेला. होडी तिवरांच्या झाडीत अडकलेली सापडली. भाऊ सापडला नाही. ‘इंजिनच बंद पडलं असणार,’ असं तेव्हापासून घरातले सगळे म्हणतात.

मी कुंपणापाशी उभा राहून पाहतो. एकेक भाग रॉकेलने पुसून पांडू उजेडात धरतो, नखाने खरवडतो. दुरुस्ती करणारा असं पाहत नाही. हा दोष शोधतोय. माणूस गेला की कारण लागतं, आणि ते लोखंडात सापडलं तर बरं असतं. नाहीतर गेलेल्या माणसाबद्दलच नको ते प्रश्न पडू लागतात.

आज त्याने सगळं पुन्हा जोडलं. चालवून बघायला इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात उभं केलं आणि दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात ते धडधडत सुरू झालं. पांडूचा चेहरा पडला.

आवाज ऐकून त्याची आई दारात आली. तिच्याकडे पाठ करून त्याने हळूच इंजिन बंद केलं.

“बघितलंस ना आये, पडलं बंद,” तो म्हणाला. “तेव्हाही असंच पडलं.”