गुंडोअण्णांचे वेढे

सिद्धापुराचा रस्ता संपून लालबागेची भिंत सुरू झाली, तरी गुंडोअण्णांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. कोरमंगलाहून निघाल्यापासून ते पुढे आणि वल्लरी दहा पावलं मागे, असंच चाललं होतं. वाटेत दोन बसस्टॉप गेले. एक रिक्षा स्वतःहून हळू झाली, ड्रायव्हरनं मान बाहेर काढून "एल्लिगे, सार?" म्हणून कुठं जायचं ते विचारलं. अण्णा चालतच राहिले. रागानं बोलले नाहीत की त्यांना ऐकूच गेलं नाही, असा प्रश्न वल्लरीला पडला. चार वर्षं त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहून हा प्रश्न आपल्याला आजच पडावा, याची तिला लाज वाटली.

अण्णांच्या शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं पिकअप होतं. काडेपेटीहून जरा लांबट वस्तू. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली ते बसतं. आत लोहचुंबक आणि त्यावर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर गिटारची तार थरथरली की या वेढ्यांत वीज थरथरते आणि तीच पुढे स्पीकरमधून वाजते. अशी दोन वेटोळी शेजारी शेजारी बसवली की विजेची घुंघुं एकमेकांत मरून जाते, त्याला हंबकर म्हणायचं. हे सगळं वल्लरीला अण्णांनीच जिन्याखालच्या खोलीत बसून शिकवलेलं. नाहीतर बार्शीच्या मराठी शाळेत शिकलेल्या आणि कोरमंगलातल्या पीजीचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईला हंबकरशी काय करायचं होतं?

अण्णांचं घराणं बंगळुरात कधी आलं, ते त्यांनाही नीट माहीत नाही. तीनशे-साडेतीनशे वर्षं झाली म्हणतात. घरात मराठी, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की वल्लरीला पहिले सहा महिने अर्धं बोलणं अंदाजानं समजून घ्यावं लागलं. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात अण्णांनी एकतीस वर्षं विजेच्या जळालेल्या मोटारी भरल्या, म्हणजे जुनी तार उकलून नवे वेढे घातले. शेजारीच पत्रा कापायचे प्रेस, दिवसभर दणदण. बाकीचे लोक कानात बोळे घालायचे, अण्णा घालत नसत. भरलेली मोटार सुरू केली की स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि आतला आवाज ऐकायचा, ही त्यांची परीक्षा. "बोळा घातला तर मोटार काय बोलती ते कसं कळणार, अक्का?" असं ते वल्लरीला वर अभिमानानं विचारायचे.

तरुणपणी गणपतीच्या दिवसांत ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. एकदा पिकअप तुटलं, ते त्यांनी मोटारीसारखंच उकलून भरलं, आणि पहिल्यापेक्षा गोड वाजलं. तेव्हापासून हा नाद. निवृत्त झाल्यावर त्यांनी शिलाई मशिनच्या मोटारीवर वेढे घालायचं यंत्र बनवलं. बायको, कौशल्यावहिनी, वारल्यावर तर तेवढंच राहिलं. सकाळी देवपूजा, मग यंत्र, संध्याकाळी दिवा, परत यंत्र.

ध्रुवला त्यांच्याकडे वल्लरीनंच पाठवलं होतं. पीजीतला पुण्याचा मुलगा, कंपनीत कामाला, गिटारचं वेड.

"अंकल, सगळे हाय आउटपुट मागतात. मला उलटं हवंय. ब्रिजला लो आउटपुट हंबकर."

अण्णा खुशीत वल्लरीकडे वळले. "एवढ्या वर्षांत एक तरी शहाणा आला बघ. पुण्याचा असून!"

"असून म्हणजे काय, अंकल?"

"काही नाही रे. बस, कॉफी घे."

मग त्यांनी तिला समजावलं. वेढे जास्त घातले तर जोर वाढतो, पण सूर जाड होतो, सहा तारांचा एक गोळा होतो. वेढे कमी केले तर जोर कमी, पण प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. मात्र ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथं टेकतात त्या टोकाला, सूर मुळातच धारदार असतो. तिथं वेढे फार उतरवले तर तो कानात घुसतो. वल्लरी म्हणाली, "आमटीतल्या चिंचेसारखं." अण्णा म्हणाले, "सरी! तसंच."

ते पिकअप त्यांनी चार वेळा उकलून भरलं. एका वेटोळ्याला पाच हजार वेढ्यांपासून सुरुवात केली. आपल्या जुन्या गिटारला लावून वाजवायचे आणि मान हलवायचे, "अजून उघडत नाही. कांबळं पांघरून गातंय." साडेचार हजार, मग चार हजार. शेवटी साडेतीन हजारांवर त्यांचा चेहरा फुलला. वल्लरी त्या दिवशी कामावर होती, तिनं ऐकलं नाही.

आठवड्यानं ध्रुव स्वयंपाकघराच्या दाराशी आला. "काकू, अंकलना सांगू नका हं. टाचणी टोचल्यासारखं वाजतंय. मी काढून ठेवलं, विकतचं लावलंय."

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "छान वाजतंय म्हणाला." एकट्या म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं? सोमवारी गवी गंगाधरेश्वराच्या देवळात गेली तेव्हा तिनं हात जोडून हे सांगितलंही होतं, आणि देवाला ते चालेल असं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

आज रविवार. वाजताना एकदा ऐकायचंच म्हणून अण्णा दुपारी तिच्यासोबत पीजीवर आले. तिला नको म्हणता आलं नाही. ध्रुवच्या गिटारवर भलतंच पिकअप होतं. अण्णांचं टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नेलकटरशेजारी पडलेलं. ध्रुव लाल झाला, काहीबाही सांगू लागला. अण्णा शांतपणे म्हणाले, "राहू दे रे. लावलंस त्या दिवशी रेकॉर्ड केलं असशील ना? तेवढं लाव."

त्यानं स्पीकरवर लावलं. पहिल्याच फटक्याला वल्लरीचा हात आपोआप कानावर गेला. त्याच क्षणी अण्णा म्हणत होते, "चांगलं तर वाजतंय की." म्हणाले, आणि त्यांनी तिचा हात पाहिला. मग ध्रुवचा आक्रसलेला चेहरा पाहिला. त्यांनी पिकअप रुमालात गुंडाळलं, चपला घातल्या आणि चालायला लागले.

लालबागेच्या भिंतीच्या कडेला एका कट्ट्यावर अण्णा अखेर टेकले. वल्लरी अंतर ठेवून शेजारी बसली. समोरून बसेस जात होत्या.

"छान वाजतंय म्हणून सांगितलीस की तू मला."

"चुकलं, अण्णा."

"तुझ्या बोलण्यावर मी तसलीच आणखी दोन भरून दिली. एक होसकोट्याच्या पोराला. साडेतीन हजार. हाच आकडा बरोबर म्हणून वहीत लिहिलं, खाली रेघ मारली." ते हसले, पण ते हसू बघवेना. "त्या पोरांच्या पण कानात टाचण्याच गेल्या असतील. तीही सभ्य, बोलली नाहीत."

"मी जाते, त्यांना सांगते. परत घेऊ."

"ते मी करीन." मग म्हणाले, "ती घंटा आठवते, वर दिली तुला?"

वर्षापूर्वी अण्णांनी आपल्या देवघरातली पितळी घंटा तिला दिली होती. तडा गेलाय, ढब ढब वाजते, मोडीत घाल म्हणाले होते. तिनं घासली, वाजवून पाहिली, तर काय सुरेख नाद! तीच घंटा ती रोज सकाळी वाजवत होती. अण्णांची लहर, असं म्हणून तिनं पुढं विचारलंही नव्हतं.

"मी दुसरी आणली," अण्णा म्हणाले. "ती पण ढब ढब. दुकानदाराला शिव्या दिल्या. तिसरी आणली. तरी डोक्यात शिरलं नाही बघ. तीन घंटा खोट्या, आणि माझे कान खरे."

"वयानं होतं, अण्णा. मशिन मिळतं कानाचं."

"वयानं नाही. प्रेसनं. मीच दिले त्याला कान, फुकट." त्यांनी खिशावर हात ठेवला. "वरचे सूर गेलेत माझे. ते ऐकू येईनात म्हणून वेढे काढत गेलो, काढत गेलो. मला गोड लागेपर्यंत. दुसऱ्याच्या कानाचं काय होतंय, याचा पत्ताच नाही."

वल्लरीनं मनात नाम घ्यायला सुरुवात केली, ते दोनदा तुटलं. आपण त्या दिवशी खरं बोललो असतो तर एकच पिकअप बिघडलं असतं, हा हिशेब तिला कुठल्याही देवापुढे मांडता येणार नव्हता.

अशोका पिलरपासून पुढे ते बरोबरीनं चालले. आता तीच मुद्दाम रस्त्याच्या बाजूनं चालत होती. मागून स्कूटर आली की ती अण्णांचा दंड धरायची, आणि ते धरू देत होते. ते जास्त जड वाटलं तिला.

गवीपुरमला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. अण्णांनी कुलूप काढलं, खोलीतला दिवा लावला. "ती घंटा खाली आण."

तिनं आणली.

"वाजव. नाद संपला की हात वर कर."

तिनं वाजवली. अण्णा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. नाद खोलीभर पसरला, भिंतींना लागून परतला, बारीक होत गेला, तरी संपेना. तिचा हात वर जायला किती वेळ लागला, ते अण्णांनी पाहिलं.

"एवढं?" ते हळूच म्हणाले. "मला ठोका आला, आणि पुढं काही नाही."

ते यंत्राशेजारच्या स्टुलावर बसले. खिशातलं पिकअप काढून रुमाल उलगडला, त्यावरची चिकटपट्टी नखानं सोडवू लागले.

"ऐक, अक्का. हे मी उकलतो. परत भरतो. पाच हजारांपासून. प्रत्येक वेळी माझ्या गिटारला लावून वाजवीन, आणि तू इथं बसायचंस. तुला गिटारचं कळत नाही, ते बरंच आहे. टोचलं तर टोचलं म्हणायचं. माझं तोंड बघून नाही, डोळे मिटून."

"सांगेन, अण्णा. खरं सांगेन."

"थांब स्वल्प, झालं नाही माझं." त्यांनी यंत्रावर हात ठेवला. "तीनदा भरीन. तीनदा भरून पण टोचलंच, तर हे यंत्र उचलायचं आणि वर तुझ्या घरी न्यायचं. मी मागायला येईन. परत बरं ऐकू येतंय म्हणून सांगीन. रडेन पण. देऊ नकोस."