नॅन्सीआत्याचं नाव

शनिवारी दुपारी मी उद्याचे बटाटे सोलत बसले होते. शब्बाथला आमच्याकडे सुरी हातात धरत नाहीत, त्यामुळे रविवारच्या जेवणाची तयारी शनिवारीच उरकावी लागते. निम्मी पाटी सोलून झाली असेल, तोवर माझे सासरे दारात येऊन उभे राहिले. हातात छापील कागद होता.

"जेनेट, ते राहू दे आता. तुझं अक्षर बरं आहे. लेखणी आण."

आमच्या जिल्ह्याचा इतिहास छापायचं ठरलंय. सधन शेतकऱ्यांच्या घराण्यांची माहिती त्यात यायची आहे, आणि ती न्यायला माणूस सोमवारी येणार आहे. आमच्या टेकडीवर सासऱ्यांइतकं सधन दुसरं कोण आहे? ह्यू डनवुडी म्हटलं की लोकांना सहाशे मेरिनो मेंढ्या आणि विटांचं दुमजली घर आठवतं. वय बहात्तर, पण कळपातली लंगडी मेंढी अजून कुंपणापासूनच ओळखतात.

मी हात पुसून बसले. ते खिडकीकडे तोंड करून सांगू लागले. त्यांचे आजोबा समुद्रापलीकडच्या अँट्रिमचे विणकर. जमीनदारानं खंड वाढवला तेव्हा माग विकून जहाजात बसले. इथे डोंगर ओलांडून आले ते एका घोड्यावर जवसाचं बी आणि दुसऱ्यावर आजी घेऊन. वडिलांनी जंगल तोडलं, सासऱ्यांनी मेंढ्या आणल्या.

तेवढ्यात अँड्र्यू, माझे यजमान, पाणी प्यायला आत आले. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "बाबा, त्यापेक्षा आपल्या मोठ्या एडक्याची वंशावळ द्या. त्याच्या बारा पिढ्या कागदावर आहेत. आपल्या जेमतेम चार."

"एडका निदान कामाचा आहे," सासरे म्हणाले. "तू पाणी पी आणि जा."

अँड्र्यू काही गेले नाहीत, चौकटीला टेकून उभे राहिले.

कागदावर पुढचा प्रश्न भावंडांचा होता. "आम्ही सहा," सासरे म्हणाले, आणि पाच नावं सांगून थांबले. मी लेखणी उचलली नाही. सहावं नाव या घरात कुणी घेत नसे. मला ते सासूबाईंकडून कळलं होतं.

नॅन्सी सासऱ्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची आणि सासरे आठ वर्षांचे. तिनंच त्यांना वाढवलं. ताक घुसळता घुसळता बायबलातली दाविदाची स्तोत्रं पाठ करून घेतली. एक ओळ ती म्हणायची, मागून सासरे. पुढे ती मेथडिस्ट पंथाच्या रानातल्या सभेला जाऊ लागली आणि तिथली माणसांनी रचलेली गीतं गाऊ लागली. आमच्या चर्चच्या मंडळीत देवाच्या आराधनेत दाविदाच्या स्तोत्रांखेरीज काही गात नाहीत. तेव्हा सासरे एकतीस वर्षांचे, मंडळीचे नवे पंच होते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, आदल्या शनिवारी पंच प्रत्येकाच्या हातावर शिशाचं टोकन ठेवतात; ते असल्याशिवाय दुसऱ्या दिवशी प्रभूच्या मेजाशी बसता येत नाही. नॅन्सीनं रांगेतून येऊन हात पुढे केला. सासऱ्यांनी पेटी मिटली. सगळी मंडळी बघत होती. ती म्हणे बराच वेळ तसाच हात पुढे ठेवून उभी होती. आठवड्याच्या आत एका मेथडिस्ट सुताराशी लग्न करून ती आयोवाला निघून गेली. त्याला एक्केचाळीस वर्षं झाली.

चर्चमध्ये बाकावर मी सासऱ्यांच्या शेजारी बसते. मागून एखाद्या बाईचा आवाज वरच्या पट्टीत स्वच्छ लागला, की त्यांची मान वळते. मग स्वतःशीच लाजल्यासारखे पुन्हा समोर बघतात. प्रत्येक रविवारी.

"लिही," ते शेवटी म्हणाले. "नॅन्सी. मंडळी सोडून पश्चिमेला गेली."

मी 'नॅन्सी' लिहिलं आणि थांबले. देव मला क्षमा करो, सासऱ्यांना उलट विचारायची माझी रीत नाही. "बाबा, सोडून गेली असंच लिहू?"

ते खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "नाही. लिही, तिच्या भावानं तिला टोकन नाकारलं. आणि त्याची चूक झाली."

अँड्र्यू चौकटीपासून सरळ झाले. "छापायच्या पुस्तकात? अहो, सगळा जिल्हा वाचेल."

"पाप चारचौघांत केलं तर कबुलीही चारचौघांत द्यायची. दारू पिऊन पडलेल्या माणसाला मीच मंडळीपुढे उभा करतो ना? मग मला काय वेगळा कायदा आहे?"

 मी लिहिलं.

"पण तिनं हे पुस्तकात वाचू नये," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "आधी माझ्याकडून कळायला हवं. जिवंत आहे की नाही तेही मला ठाऊक नाही."

आता मला बोलावंच लागलं. सासूबाईंना दर हिवाळ्यात, सासऱ्यांच्या नकळत, नॅन्सीआत्याचं एक पत्र यायचं. त्या वारल्यानंतरही एक आलं. ते माझ्या कपाटात, चादरींखाली होतं. मी उत्तर दिलं नव्हतं.

"कधी आलं?"

"दोन वर्षं झाली. मला वाटलं, तुम्ही रागावाल."

"रागावलो असतो," ते म्हणाले. "काय लिहिलंय?"

मी पत्र आणून वाचलं. सुतार गेला, गुडघे दुखतात, सफरचंदं बरी आली. आणि शेवटी एक ओळ: 'ह्यू अजून खर्जातच गातो का?'

त्यांनी पत्र हातात घेतलं. चष्मा नव्हता, तरी त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले. मग मला उत्तर सांगितलं, ते एवढंच होतं: 'नॅन्सी, पेटी मी मिटली, पाप माझं. सोमवारी मंडळीच्या पाळकांना आणि पंचांना हेच सांगणार आहे. ऑक्टोबरात प्रभुभोजन आहे. आता रेल्वे थेट गावापर्यंत येते. बाकावर तुझी जागा ठेवतो.'

"अठ्ठ्याहत्तरची आहे ती, बाबा," अँड्र्यू हळूच म्हणाले. "एवढ्या लांब कशी येईल?"

"नाही आली तर मी जाईन. आणि तीच नसेल, तर तसं कुणीतरी कळवील."

सही त्यांनी स्वतः केली. नाव जरा वाकडं आलं; पुन्हा करू का, असं विचारलं नाही.

दुकानातलं टपाल चारला बंद होतं आणि उद्या शब्बाथ. शाल घेऊन मी पत्र टाकायला निघाले आहे.